मर्सिडीजमध्ये वडापचं इंजिन

लष्करात सतरा वर्षं मी गाड्यांची इंजिनं उतरवली आणि चढवली. सिक्कीमच्या बर्फात उतरवली, राजस्थानच्या वाळूत चढवली, आणि एकाही इंजिनानं मला तोंडघशी पाडलं नाही. माणसांनी मात्र बऱ्याचदा पाडलं. म्हणून हवालदार होऊन पेन्शनीत निघालो तेव्हाच ठरवलं, की उरलेलं आयुष्य इंजिनांच्या संगतीत काढायचं. कडेगावात विट्याच्या रस्त्याला पत्र्याचं शेड घातलं, आत बाबासाहेबांचा फोटो लावला, बाहेर ‘महेंद्र ऑटो गॅरेज’ अशी पाटी ठोकली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो.

ट्रॅक्टर आले. उसानं भरलेली ट्रॉली भर रस्त्यात अडकली की माणूस मिस्त्रीची जात विचारत बसत नाही. मोटारी मात्र माझ्या दारावरून कऱ्हाडला जायच्या. काही तर दोरी बांधून ओढत नेलेल्या मी या डोळ्यांनी बघितल्या. माझी बायको स्वप्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणायची, “असं रागानं बघू नका, पंक्चर होईल त्यांची गाडी.” मी म्हणायचो, “होऊ दे. पंक्चरही मीच काढतो.”

मग शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात लालासाहेब आले. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा. अडुसष्ट वर्षांचा ताठ पाटील, डोक्याला पांढरा पटका, चाळीस एकर ऊस, आणि उसापेक्षाही जास्त दरारा असलेली एक मर्सिडीज. चौसष्ट सालची, सायीच्या रंगाची, आत लाल चामड्याच्या गाद्या. मुंबईत परदेशी वकिलातीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला होता, त्यातून आबांनी ती चौऱ्याहत्तर साली आणली. तेव्हा आसपासच्या गावांतून लोक भाकरी बांधून तिला बघायला आले होते म्हणतात.

आबा शेडमध्ये शिरले. त्यांनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तेलानं माखलेल्या स्टुलावर पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी बसले. मला ते आवडलं. धोतर खराब होईल हे सांगायचं मी मुद्दाम टाळलं.

“हवालदार,” ते म्हणाले, “फौजंत तुमी डोंगरावर गाड्या चडवल्या म्हनं.”

“व्हय, आबा.”

“मग माजी येक चडवून द्या. कऱ्हाडचा मिस्त्री म्हनतो भंगारात घाला. सांगलीचा म्हनतो लग्नात नवरदेव बसवायला ठेवा. मला दोनी करायचं न्हाई.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आबांची थोरली बहीण बनुबाई पाटणच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या आंबेसड्याला दिलेली. आमच्याकडं नागपंचमीला लेकीबाळी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. बनुबाई सत्तरीला टेकल्या तरी आबा दर पंचमीला स्वतः मुराळी जायचे, आणि सण झाला की स्वतः सोडायलाही जायचे. तीन वर्षांपूर्वी सोडायला गेले आणि घाटात मर्सिडीज बसली. बसायचीच होती. तिचं मूळचं इंजिन त्र्याऐंशी साली दमलं, त्याचे पार्ट मिळेनात, म्हणून कुणा मिस्त्रीनं तिच्यात जुन्या ॲम्बेसिडरचं थकलेलं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून दिलं होतं. पैलवानाच्या अंगात शाळामास्तराचं काळीज, अशी गत. (हे वाक्य मी स्वप्नाला अजून ऐकवलेलं नाही.) शेवटी बनुबाईंचा पुतण्या नानासो बैलजोडी घेऊन आला आणि मर्सिडीज बैलांनी ओढून गावात नेली.

“समदं आंबेसडं हासलं,” आबा म्हणाले. “लालासायबाची मोटार बैलानं वडली! आनि तवापासनं आक्का म्हायेराला आली न्हाई.”

पुढच्या पंचमीला आबांनी मुलाला जीप देऊन पाठवलं. बनुबाईंनी भाच्याला पोटभर जेवू घातलं आणि रिकामं परत लावलं. त्याच्या पुढच्या पंचमीलाही तेच. निरोप दोन्ही वेळा एकच होता: ज्या गाडीनं सोडलंस त्याच गाडीनं न्यायला ये, आणि तू स्वतः ये.

“ती सत्तरीच्या म्होरं गेली,” आबा म्हणाले आणि उगाच खाकरले. “मी अडुसष्टाचा. अजून किती पंचम्या ऱ्हायल्यात, सांगा बरं तुमी.”

इंजिनाचं दुखणं मला आवाजावरून कळतं. माणसाचं कळायला वेळ लागतो. पण त्या दिवशी लगेच कळलं. मी म्हणालो, “ह्या पंचमीला न्यायची आक्कांना. मोठं इंजिन बसवू.”

मोठं इंजिन माझ्या मनात तयारच होतं. चिंचणीजवळ एक वडापची ट्रॅक्स ओढ्यात कलंडली होती. वडाप म्हणजे एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं दाटीवाटीनं भरून गावोगाव पळणारी जीप. माणसं सगळी वाचली, पत्रा पार चेपला, पण इंजिनाला ओरखडा नव्हता. चोवीसशे सीसीचं डिझेल इंजिन. आबांच्या गाडीत होतं पंधराशेचं.

हे सांगितलं तसे आबा स्टुलावरून उठलेच. “वडापचं इंजिन? माज्या मर्सिडीजला? आवं, त्या जिपात शेरडं बसत्यात, हवालदार!”

मला राग येतो तेव्हा मी बोलत नाही, हाताला धरून दाखवतो. आबांना तसंच ओढ्याकाठी नेलं. इंजिनावरचा चिखल पुसला आणि म्हणालो, “नीट बघा. ह्याचा आराखडा मर्सिडीजवाल्यांचाच. त्यांनी पुन्याच्या कंपनीला बनवायला दिला. ही तुमच्या गाडीची भावकी हाय, आबा. थोरली पाती बंगल्यात ऱ्हायली, धाकटी वडाप मारती, येवडाच फरक.”

भावकी हा विषय आबांना चांगला ठाऊक होता. बांधावरून भावकीशी भांडण्यात त्यांचं निम्मं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलं होतं. त्यांनी वाकून त्या इंजिनावर बोटानं टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, “भावकी म्हंजी भांडान आलंच. पर घाट चडल भांडत भांडत. आना.”

आता मला हवा होता गाडीचा मूळचा गिअरबॉक्स. नव्या इंजिनाशी जुळला तर तोच जुळणार होता. आबांच्या बायको हरणाबाई यांनी तो टाकला नव्हता. तेरा वर्षं तो जर्मन गिअरबॉक्स गोठ्यात पेंडीच्या पिंपावर बसून होता, मांजरानं झाकण ढकलू नये म्हणून. मी तो उचलला तशा हरणाबाई म्हणाल्या, “मग आता पेंडीवर काय ठेवू?” मी त्यांना ॲम्बेसिडरचा गिअरबॉक्स दिला. वजनात थोडा कमी होता, पण त्यांनी चालवून घेतला.

शेडमागच्या चिंचेच्या फांदीला साखळीची कप्पी बांधून इंजिन टांगलं. खाली गिअरबॉक्स ठेवला. त्या दिवशी निम्मं कडेगाव बघायला जमलं होतं, आणि ज्याच्या घरी सायकलसुद्धा नव्हती तोही मला इंजिन डावीकडं घे, उजवीकडं घे असं सांगत होता. मी एकदाच वळून बघितलं. मग कुणी बोललं नाही. इंजिन हळूहळू खाली सोडलं, गिअरबॉक्सच्या तोंडाशी आणलं आणि बोल्टांची भोकं बघितली. एक समोरासमोर. दुसरं समोरासमोर. तिसरं, चौथं. फक्त दोन भोकं थोडी सरकून होती, ती नव्यानं पाडता येणार होती. ओढ्यात पडलेलं वडापचं इंजिन आणि पेंडीवरचा गिअरबॉक्स यांनी एकमेकांना ओळखलं होतं. सतरा वर्षांत मी इंजिनापुढं कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी घाम पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

पुढं महिनाभर काम चाललं. इंजिन ज्यावर बसतं तो लोखंडी आडवा पट्टा कापून नवा जोडला. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, कारण डिझेल इंजिन वजनाला भारी. पाणी गार करणारा रेडिएटर ट्रॅक्सचाच घातला. आषाढाच्या शेवटी किल्ली फिरवली. पेट्रोलची कुजबुज गेली होती. मर्सिडीजच्या पोटातून असा खणखणाट निघाला की चिंचेवरची वटवाघळं उडाली.

“आगं बया!” हरणाबाई म्हणाल्या. “ही तर वडापवानी बोलती.”

“बोलू दे,” आबा म्हणाले. “वडाप घाट चडतंय.”

चाचणीला मागच्या सीटवर युरियाची सहा पोती टाकली आणि कऱ्हाडच्या वाटेवरच्या सुर्ली घाटात गाडी घातली. ती दुसऱ्या गिअरमध्ये अशी चढली की जणू रस्ताच तिच्याकडं खाली येत होता. परत आल्यावर आबांनी मला सोप्यात आपल्या शेजारी बसवलं आणि चहा आला. माझा कप त्यांच्याच कपाच्या जोडीतला होता. मी हे बघतो. बघायची सवय लागलेली आहे, आणि ती मला आवडत नाही. पण त्या दिवशी चहा फार चांगला लागला.

पंचमीच्या आदल्या दिवशी पहाटे आबांच्या दारात पोचलो आणि जागीच थांबलो. मर्सिडीज बेंदराच्या सणातल्या बैलासारखी सजवली होती. बॉनेटवर बैलाची झूल: लाल कापड, आरसे, कडेनं रेशमी गोंडे. वर काचेपाशी बांधलेली, खाली बंपरपर्यंत सोडलेली, आणि सुटू नये म्हणून सुतळीनं जागोजाग आवळलेली. दिवे तेवढे दोन बाजूंनी डोकावत होते.

“बैलानं हरवली नव्हं हिला?” हरणाबाई म्हणाल्या. “मग बैलावानीच सजून जाऊ दे. बघू दे आंबेसड्याला.”

आता मोटारीचं तोंड म्हणजे काही शोभेची जाळी नाही. गाडी तिथूनच वारा घेते आणि त्या वाऱ्यानं रेडिएटरचं पाणी गार होतं. झूल बरोबर तिथंच लोंबत होती. हे मला दिसलं, कळलं, आणि मी तोंड उघडलं. तेवढ्यात हरणाबाई गुलाबी फेटा घेऊन माझ्यासमोर आल्या. “खाली वाका, हवालदार. मुराळ्याची गाडी हाकनारा बी मानाचा.” पाटलांच्या दारात, चार माणसांसमोर, त्यांच्या हातानं माझ्या डोक्याला फेटा बांधला जात होता. अशा वेळी ‘झूल काढा’ असं माणसाला म्हणता येत नाही. निदान मला आलं नाही. मी मनाशी म्हणालो, पावसाळी हवा आहे, चालून जाईल. इंजिनाच्या बाबतीत ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत.

मी पुढं, आबा मागच्या सीटवर. पाटणपर्यंत खरंच चालून गेलं. सपाट रस्ता, पन्नासचा वेग, वारा कडेनं का होईना शिरत होता. आबा खुशीत होते. मल्हारपेठेत गाडी थांबवून त्यांनी बनुबाईंसाठी पेढे घेतले आणि पेढेवाल्यानं न विचारता त्याला सांगितलं, “भैनीला आनाय चाललोय.”

पाटण सोडून घाटाला लागलो तसा पाऊस सुरू झाला. अरुंद रस्ता, तांबडा चिखल, एका बाजूला दरी. पहिले चार किलोमीटर इंजिन नुसतं गात होतं. पण वेग कमी, गिअर खालचा, आणि झूल आता भिजून जाळीला पोटिसासारखी चिकटलेली. पाण्याची उष्णता दाखवणारा काटा वर सरकू लागला. मी तो बघत होतो. मागून आबांनी विचारलं, “काटा कुटं हाय?”

“जाग्यावर हाय, आबा.”

खोटं बोललो. फेट्यानं माणसाची बुद्धी झाकते, झुलीनं इंजिनाची. आणखी दोन वळणं गेली, काटा लाल पट्टीत घुसला, आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली. मी गाडी थांबवली.

वरच्या वळणावर इरली पांघरून दहा-बारा माणसं उभी होती, आणि त्यांच्यामध्ये नानासो, बैलजोडी आणि त्याच्या खांद्यावर सोल, म्हणजे ओढायचा जाड दोर. आबा मर्सिडीज घेऊन येणार ही बातमी आधीच वर पोचली होती, आणि ते वाटच बघत होते. नानासोनं वरूनच हाळी दिली, “काय मामा! जोडी लावू का?”

हसण्याचा आवाज पावसातूनही स्पष्ट आला.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. इंजिन बंद करावं तर आतलं पाणी जागच्या जागी उकळणार. ते चालूच ठेवून गार करायला हवं. पण चढ उभा होता, हँडब्रेक बत्तीस वर्षांचा, आणि माझा पाय ब्रेकवरून निघाला असता तर मर्सिडीज आबांसकट कोयनेच्या खोऱ्यात गेली असती. मी जागचा हलू शकत नव्हतो. गाडीत दुसरा माणूस एकच होता.

“आबा, खाली उतरा.”

मी आरशात बघितलं. ते खिडकीची काच वर करत होते. नजर समोर, मान ताठ, जणू त्यांना काही ऐकूच आलं नाही.

मग मात्र मी हवालदार झालो. मान वळवून ओरडलो, “आबा! उतरा खाली! चाकामागं दगुड लावा, ती झूल फाडून काडा, पानी आना! झुलीची चूक माजी हाय, सकाळीच सांगायला पायजे हुतं. मागनं काय बोलायचं ते बोला. पर आता उतरला न्हाईसा तर बैल लागत्यात!”

लालासाहेबांशी तालुक्यात कुणी असं बोललं नसेल. ते माझ्याकडं बघत राहिले. मग वरच्या माणसांकडं बघितलं. मग त्या काचेकडं. आणि दार उघडून ते चिखलात उतरले.

पहिल्याच पावलाला एक पायताण चिखलात रुतलं, ते त्यांनी तिथंच सोडलं. कडेचा हातभर दगड दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाला लावला. मग झुलीला भिडले. पावसानं फुगलेल्या सुतळीच्या गाठी सुटेनात, तेव्हा कापडालाच हात घातला आणि टराटरा फाडलं. आरसे फुटून रस्त्यावर पडले. दोन माणसं मदतीला खाली धावली, तर आबा म्हणाले, “लांब ऱ्हावा. गाडी माजी हाय.” पाणी आणायला भांडं नव्हतं. त्यांनी डोक्याचा पटका सोडला, कडेच्या ओहोळात बुचकळला, आणि रेडिएटरवर नेऊन पिळला. पुन्हा ओहोळ, पुन्हा पिळणं. अडुसष्ट वर्षांचा पाटील, उघड्या डोक्यानं, एका पायात पायताण, गुडघ्यापर्यंत तांबडा. आठ-दहा खेपा झाल्या. वरचं हसणं कधीच थांबलं होतं.

काटा हलला. आधी केसभर, मग बोटभर खाली आला. वाफ विरली. जाळीतून मोकळा वारा आत शिरला तसा इंजिनाचा आवाज मऊ झाला.

“बसा आबा,” मी म्हणालो. “आता न्हाई अडत.”

“न्हाई. तू चल. मी मागनं दगुड घिऊन येतो.”

“आवं, इंजिन चार मानसं वडल तुमच्यासारकी!”

“म्हाईत हाय. तू चल.”

मला ते पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाले, आणि मला राग आला नाही. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, ब्रेकवरचा पाय उचलला. एक क्षण गाडी दगडावर टेकली. मग चोवीसशे सीसीनं दात रोवले आणि ती उभ्या चढावर, जागेवरून, कुणाचा हात न लागता निघाली. ऐकलंत का तो आवाज? मी ऐकला आहे. तो आवाज वडापचा होता, मर्सिडीजचा होता, आणि माझा होता. बैल बिचकून बाजूला सरले. नानासोच्या खांद्यावरचा सोल गळून पडला आणि तोच सगळ्यांत आधी ओरडला, “चडली! आयला, चडली!” मग सगळीच माणसं ओरडत गाडीबरोबर धावायला लागली. माझा फेटा सुटून गळ्यात आला तरी मी बांधला नाही. हॉर्नवरचा हात काढला नाही.

दोन वळणं वर माथा लागला आणि आंबेसड्याची घरं दिसली. हॉर्न ऐकून बनुबाई दारात आल्या होत्या. ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली, हातात पाण्याचा तांब्या. मी गाडी त्यांच्या उंबऱ्यासमोर उभी केली आणि खरं सांगतो, वाटलं, आता त्या गाडीकडं बघतील, मग माझ्याकडं बघतील. त्यांनी दोघांकडंही बघितलं नाही. त्या गाडीच्या मागं बघत होत्या.

मागून आबा येत होते. दम लागलेला, डोकं उघडं, केस कपाळाला चिकटलेले, ओला पटका गळ्यात, आणि दोन्ही हातांत तो दगड. ट्रकमागं क्लीनर चालतो तसे अख्खा चढ चालत आले होते.

नानासोनं घाईघाईनं साक्ष दिली. “काकी, बैलानं शिवली बी न्हाई. आपल्या बळावर आलीया.”

“दिसलं मला,” बनुबाई म्हणाल्या. मग भावाकडं वळल्या. “बैलानं वडली म्हनून मी रुसले, आसं वाटलं व्हय रं तुला?”

आबा हातातल्या दगडाकडं बघायला लागले.

“बैल काय, वडायलाच आसत्यात. त्या दिशी मी तूच नेसवलेलं नवं लुगडं खोचून चिखलात मागनं गाडी ढकलत हुते. आनि तू आत काच लावून बसला हुतास. लोकं बघत्यात म्हनून. येकदा तरी म्हनालास का, आक्का तू बस, मी उतरतो?”

दारात जमलेली सगळी माणसं खाली बघायला लागली. मीही बघायला लागलो. ही गोष्ट आबांनी मला सांगितली नव्हती. बैल सांगितले, हसणारं गाव सांगितलं, हे नाही.

“चुकलं, आक्का,” आबा म्हणाले. “त्याच दिशी कळलं हुतं. सांगायचं धाडस हुईना. म्हनून मग इंजिनच बदलत बसलो.”

बनुबाईंनी तांब्याचं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं. चिखल निघेना, तशा खाली बसल्या आणि हातानं घासून काढायला लागल्या. आबा “आक्का, नगं, आक्का, नगं” म्हणत उभे होते आणि ढसाढसा रडत होते. रडता रडता डोळे पुसायला त्यांच्याकडं हात मोकळा नव्हता. त्या वर बघून म्हणाल्या, “आरं, त्यो दगुड टाक की खाली आता. का त्यो बी म्हायेराला न्यायचा हाय?”

तेव्हा जे हसू फुटलं, त्यात आबा सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

जेवणं झाली. बनुबाईंचं बोचकं डिकीत गेलं. निघताना त्यांनी मर्सिडीजच्या नाकावरून हात फिरवला आणि विचारलं, “कुनी बशिवलं रं हे?”

“ह्यो आमचा महेंद्र,” आबा म्हणाले, सगळ्या आंबेसड्याला ऐकू जाईल असं. “कडेगावचा. पुन्या-म्हमईत असला मिस्त्री घावायचा न्हाई. आनि आक्का, मला घाटात आसा झापलाय म्हनतीस!”

“बरं केलं,” बनुबाई म्हणाल्या. “कुनीतरी झापायलाच पायजे हुतं.” आणि पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या. “तू मागं बस, लाला. मला फुडनं बघायचंय. आनि महेंद्र, हॉर्न वाजवत ने बाबा. तीन वरसांनी बनू म्हायेराला निगालीया, समद्या घाटाला कळू दे.”

उतारावर तेवढा हॉर्न कुणी वाजवत नाही. मी पाटणपर्यंत वाजवला.